झेफ प्लूमेनची पहिलीच गोळी

झेफ प्लूमेन माझ्या उजव्या भिंतीपलीकडे राहतो आणि लेई फ्रोमेन डावीपलीकडे. मधल्या घरात मी. पुढच्या खोलीत माझं फ्रीटचं, म्हणजे तळलेल्या बटाट्याच्या कापांचं, दुकान आहे. बटाटे तेलात सोडले की पोरीबाळीपासून पाद्र्यापर्यंत सगळे येऊन उभे राहतात आणि बोलतात. गाव मला भोचक म्हणतं. म्हणू दे. भिंतीच पातळ आहेत, त्याला मी काय करणार.

झेफची गोष्ट सांगायची तर आधी त्याच्या नोकरीची सांगायला हवी. आमच्या हेस्टराडे गावाबाहेर, जिथे पूर्वी कोळशाची खाण होती, तिथे आता पुष्कळ देशांचं मिळून एक लष्करी मुख्यालय आहे. झेफचा बाप त्या जागेत जमिनीखाली राबला, झेफ त्याच जागेत गालिच्यावर. हुद्दा मुलकी कर्मचारी. काम टेबल लावण्याचं. हसू नका. मोठ्या बैठकीत कुठल्या देशाचा अधिकारी कुठे बसेल, कुणाची पाटी कुणाशेजारी, कुणाचा झेंडा कुठल्या काठीवर, हे सगळं झेफ बघतो. उभा जन्म त्याने जनरल लोकांच्या पाठी बघण्यात घालवला.

एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा त्याने मला ते मुख्यालय फ्रीट मांडून समजावलं होतं.

"ही मेयोनेजची वाटी म्हणजे जनरल," तो म्हणाला. "जनरल एका देशाचा. ही मोहरीची वाटी त्याचा डेप्युटी, तो दुसऱ्या देशाचा. आणि हा कांदा म्हणजे चीफ ऑफ स्टाफ, सगळा कारभार बघणारा. तो तिसऱ्याच देशाचा. का, सांग."

"एकमेकांवर डोळा ठेवायला."

"रुसवे नकोत म्हणून, टिनी. पद माणसाचं नसतंच मुळी, देशाचं असतं. माणसं तीन वर्षांनी सामान बांधून जातात, खुर्ची ठरल्याप्रमाणे फिरत राहते. खाली खाती. त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. पहिलं माणसांचं, दुसरं शत्रूच्या बातम्यांचं, तिसरं मोहिमांचं, चौथं रसदीचं, असं खाली खाली."

"माझी कढई कुठल्या खात्यात?"

"चौथ्या."

"आणि हे एवढे फ्रीट? सगळे जनरलचे?"

"तिथेच तर मेख आहे. फ्रीट उसने. प्रत्येक देश आपले सैनिक देतो, पण दोरी आपल्या हातात ठेवून. जनरल म्हणाला डोंगर चढा, की एखादा देश म्हणतो, आमचे लोक डोंगर चढत नाहीत, राजधानीला विचारून सांगतो. म्हणून शहाणा जनरल हुकूम सोडतच नाही. तो विचारतो, 'जमेल का?'"

"हे तर लग्नच झालं," मी म्हटलं. त्याने जनरल बोटाने चाटून संपवला आणि कामाला गेला.

हे सगळं सांगताना त्याच्या आवाजात जे असायचं, त्याला मी आदर समजत होते. तो हेवा होता. त्यालाही एकदा पुढे चालायचं होतं. मागून खुर्ची सरकवायची नव्हती, पुढे चालायचं होतं.

आणि तशी जागा गावात होती. आमचं सेंट बार्बरा नेमबाज मंडळ. आमच्या लिंबुर्ग प्रांतातल्या प्रत्येक गावाचं असं एक मंडळ असतं. जुने गणवेश, ढोल, पिसांच्या टोप्या, दाढी वाढवून कुऱ्हाडी खांद्यावर घेतलेले चार जण. मंडळाचा एक कमांडर असतो, तो तलवार काढून सर्वात पुढे चालतो. आणि एक राजा असतो. दर वर्षी उंच खांबावर लाकडी पक्षी चढवतात आणि एकेक जण गोळी झाडतो. शेवटचा तुकडा ज्याच्या गोळीने पडेल तो त्या वर्षाचा राजा. गळ्यात चांदीच्या पत्र्यांचा हार, शेजारी नव्या झग्यात राणी. सलग तीन वर्षं राजा झाला की सम्राट.

आमचा कमांडर झेफ. आमचा सम्राट लेई.

आता बघा, एका भिंतीला तलवार आणि दुसऱ्या भिंतीला चांदी. झेफ रविवारी सकाळी बागेत खुर्ची टाकून तलवार घासायचा, आणि ती बरोबर अशा कोनात धरायचा की उन्हाचा कवडसा लेईच्या स्वयंपाकघरात पडावा. लेई कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला चांदीचा हार घालून जायचा. खणखण ऐकून मी खिडकीत. "काय सम्राट, कचऱ्याची मिरवणूक?" "हवा लागायला हवी चांदीला, टिनी," तो म्हणायचा, आणि नजर माझ्यावर नाही, झेफच्या पडद्यावर.

बायकांचं आणखी वेगळं. लेईची बेर्टीन तीन वर्षं राणी. तीन झगे. एक निळा, एक मोतिया आणि एक असा हिरवा की रस्त्यावरची गाडी थांबेल. झेफची लीस कमांडरची बायको. कमांडरच्या बायकोला झगा नसतो. तिने मिरवणुकीच्या वेळी कडेला उभं राहून नवऱ्याचा रेनकोट धरायचा असतो. लीस कधी बोलली नाही. पण बेर्टीन समोरून गेली की ती एकच करायची, झग्याची शिवण बघायची. मीही बघायची, खोटं का बोला. मला तर रेनकोट धरायलाही कुणी नव्हतं.

मग मंडळं आटायला लागली. तरुण पोरं शहरात गेली, म्हातारे थडग्यात. आमच्याकडे ढोल होते, वाजवणारे नव्हते. शेजारच्या ओटेनबेर्खमध्ये वाजवणारे होते, पण गणवेशांना कसर लागलेली. आणि हद्दीपलीकडच्या लिंडराट या जर्मन गावात सगळं होतं, फक्त माणसं फार कमी. उन्हाळ्यात प्रांताचा मोठा मेळावा आमच्याच तालुक्यात होता, आणि मुख्यालयाचा जनरल पाहुणा म्हणून मंचावर बसणार होता. एकट्याने गेलो तर तिन्ही गावांचं हसं. म्हणून तिघांनी एकत्र चालायचं आणि त्याआधी पक्षीही मिळून एकच पाडायचा, असं ठरलं.

बैठक माझ्या दुकानात. कारण तिन्ही गावांना चालेल अशी ती एकच जागा, माझ्या कढईवर कुणाचा झेंडा नाही. लिंडराटकडून रोस्विटा आली. शाळामास्तरीण, उंच, आवाज असा की हळू बोलली तरी मागच्या बाकाला कळतं. ओटेनबेर्खकडून पिएर, जो कुठल्याही प्रश्नाला "बघू" म्हणतो. आमच्याकडून झेफ. आणि लेई, न बोलावता, फ्रीट घ्यायच्या निमित्ताने.

झेफ उभा राहिला. असा झेफ मी पाहिला नव्हता. "हे सोपं आहे," तो म्हणाला. "माझ्याकडे रोज बघून बघून पाठ झालेली व्यवस्था आहे. कमांडर एका गावाचा, डेप्युटी दुसऱ्याचा, चीफ ऑफ स्टाफ तिसऱ्याचा. दर वर्षी फिरणार. पद गावाचं, माणसाचं नाही. पहिली पाळी आमची, ढोल आमचे आहेत म्हणून. पुढच्या वर्षी लिंडराट, मग ओटेनबेर्ख."

"आणि हुकूम?" रोस्विटाने विचारलं. "आमचे लोक तुझं ऐकणार नाहीत, झेफ. ते माझंही जेमतेम ऐकतात."

"तिथेही तसंच असतं. कमांडर हुकूम देईल, मग प्रत्येक गावाचा म्होरक्या तो आपल्या लोकांना परत देईल. तोवर कुणी हलायचं नाही."

"आमचे लोक चर्चमध्ये जाऊन आल्याशिवाय चालणार नाहीत."

"मान्य."

"आमचे लिंडराटच्या मागे चालणार नाहीत," पिएर म्हणाला. "त्यांचे बूट फार वाजतात. शेजारी चालतील."

"शेजारी. मान्य."

मी तळता तळता ऐकत होते. सगळं गोड चाललेलं. आणि मग झेफने, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता, आणखी एक वाक्य सोडलं.

"आणि समतोल राहावा म्हणून, ज्या गावाचा कमांडर, त्या गावाचा त्या वर्षी राजा नको. दोन मोठी पदं एका झेंड्याखाली येऊ नयेत. मुख्यालयात हे कधी खपवून घेत नाहीत."

कढईतला झारा माझ्या हातात तसाच राहिला. मी लेईकडे पाहिलं. कमांडर आमच्या गावाचा, म्हणजे आमच्या गावातल्या कुणीही यंदा पक्ष्यावर गोळी झाडायची नाही. आमच्या गावात पक्षी पाडणारा एकच माणूस होता.

रोस्विटा लगेच हो म्हणाली, पिएर "बघू" न म्हणता हो म्हणाला. राजा आपल्याकडे येणार म्हटल्यावर कोण नको म्हणेल.

लेईने मेयोनेज फ्रीटवर अगदी सावकाश पसरलं. "छान नियम आहे," तो म्हणाला. "बेर्टीनलाही दर वर्षी नवा झगा शिवून कंटाळा आलाय. पण रिवाजाप्रमाणे मानाची पहिली गोळी कमांडरची असते. तेवढी तरी झाडशील ना, झेफ? का तीही समतोलात गेली?"

"मानाची गोळी मानाची असते," झेफ म्हणाला. "ती कधी लागते का?"

हे खरं होतं. पक्षी म्हणजे जड ओंडका, अर्धा दिवस गोळ्या खातो. मानाची पहिली गोळी कमांडरची, दुसरी पाहुण्याची, मग खरी नेमबाजी.

पुढचा प्रश्न पक्षी कुणी करायचा. तिन्ही गावांना करायचा होता. झेफकडे उत्तर तयार. "वाटणी. धड हेस्टराडेचं, पंख ओटेनबेर्खचे, खांबावर बसवायची खुंटी लिंडराटची. मोठ्या मोहिमांत सामान असंच येतं."

पुढचे आठवडे झेफ हवेत. एरवी नाकासमोर चालणारा माणूस रस्त्याच्या मध्यातून चालायला लागला. लीस मला म्हणाली, "रात्री झोपेत हुकूम सोडतो गं. परवा म्हणाला 'उजवीकडे वळा', मी भिंतीवर आपटले." मग जरा थांबून म्हणाली, "जनरल मंचावर असणार ना. त्याच्यासमोरून पुढे चालायचं आहे त्याला. एवढंच हवंय."

"आणि तुला?"

"मी रेनकोट धरीन."

धड लेईने केलं, कारण गावात सुतार तोच. केलंही मन लावून. मोठं, पोपलरचं, आमच्या पद्धतीचं, आणि खाली भोकही आमच्या पद्धतीचं, जाड खुंटीसाठी. लिंडराटचे पक्षी हलके असतात. त्यांनी खुंटी आपल्या पद्धतीची केली, बारीक. आपला भाग दुसऱ्या गावाला आधी दाखवायचा कुणाला नव्हता. तिन्ही भाग एकत्र आले ते नेमबाजीच्या दिवशी सकाळी, आमच्या मैदानावर. जोडायचं काम पिएरचं. त्याने धड खुंटीवर बसवलं, धड डुगडुगलं. पिएर म्हणाला, "बघू." बिअरच्या ग्लासाखालचा पुठ्ठा दुमडला आणि फटीत ठोकला.

मैदान भरलं होतं. पहिल्या रांगेत जनरल आपल्या बायकोबरोबर, साध्या कपड्यात, मांडीवर चेरीच्या फ्लायचा, आमच्याकडच्या गोड पायचा, तुकडा. त्याची खुर्ची अर्थात झेफने लावलेली. रोस्विटाने लिंडराटचे सगळ्यात चांगले नेमबाज आणले होते. लेई कडेला हाताची घडी घालून. बेर्टीन हिरव्या झग्यात, माजी राणी म्हणून. लीस रेनकोट हातात घेऊन. मी माझी गाडी खांबाजवळच लावली होती, बघता बघता विकता येतं म्हणून.

झेफ पुढे आला. बंदूक टेकूवर होती. त्याने ती धरली, जनरलकडे मान वळवून सलाम केला, फारसं न बघता घोडा ओढला.

गोळी पक्ष्याच्या पोटाला लागली. आधी पुठ्ठा पडला. मग पक्षी, सबंध, पंखांसकट, एकही ढलपी न उडता, खांबावरून कोलमडला आणि गवतात तोंडावर आपटला.

 मग जनरलने अगदी नम्रपणे विचारलं, "झेफ, तुमच्याकडे हे नेहमी इतक्या लवकर आटपतं?"

झेफ खांबाकडे बघत होता. खुंटी वर तशीच, बोट दाखवल्यासारखी.

"मानाची गोळी आहे ती," तो म्हणाला. "ती धरत नाहीत."

"पक्षी पडला की राजा," रोस्विटा म्हणाली, आणि ते मैदानाच्या शेवटच्या टोकापर्यंत गेलं. "कुणाची गोळी, कितवी गोळी, हे कुठल्याच गावाच्या नियमात नाही. अभिनंदन, झेफ. तू राजा. आणि राजा हेस्टराडेचा, म्हणजे कमांडर हेस्टराडेचा नको. तूच म्हणालास. दोन पदं एका झेंड्याखाली नकोत. मग पुढची पाळी लिंडराटची."

"ते लेईसाठी—" झेफच्या तोंडून अर्धं निघालं आणि त्याने ते गिळलं. पण गिळलेलं सगळ्यांना ऐकू आलं होतं. मला हसू आवरेना, मी फ्रीटवर मीठ घालत राहिले.

पिएर म्हणाला, "पक्षी परत चढवू. पुठ्ठा माझा होता."

"हो, चढवा," लेई एकदम म्हणाला. घडी सुटली होती त्याची. "असा राजा होतो का कुणी? मी तीन वर्षं खांदा सोलून घेतला. हा पहिल्या गोळीला, डोळे मिटून? चढवा परत."

मागाहून पुष्कळ जण म्हणाले की भोक लेईने मुद्दाम मोठं पाडलं. मी त्याला तोंडावर विचारलं. "झेफ राजा व्हावा म्हणून मी भोक मोठं पाडीन?" तो म्हणाला. "वेडी आहेस का, टिनी?" आणि तो जो चेहरा होता, तो बघून मी त्याला निर्दोष सोडला. इतका जळणारा माणूस खोटं बोलू शकत नाही.

तर मैदानावर सगळे झेफकडे बघत होते. परत चढवा म्हणाला असता तर तलवार त्याची, पुढे चालणं त्याचं, जनरलसमोरून. त्याने तोंड उघडलंही. तेवढ्यात बेर्टीनने लीसच्या खांद्यावर हात ठेवला, मायेने, म्हणजे जितकी माया हिरव्या झग्यात मावते तितक्या मायेने.

"जाऊ दे गं, लीस," ती म्हणाली. "नाहीतरी मेळावा तोंडावर आलाय. इतक्यात झगा कुठून शिवून होणार?"

"शिवलेला आहे," लीस म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नव्हती. पण झेफने वळून पाहिलं. मला माहीत होतं. टाचण्या मीच धरल्या होत्या. माझ्या मागच्या खोलीत, बेर्टीन पहिल्यांदा राणी झाली त्या हिवाळ्यात, लीसने तो झगा शिवला होता. जांभळ्या रंगाचा, लांब बाह्यांचा. "घालायचा कधी?" मी विचारलं होतं. "कपाटात असू दे," ती म्हणाली होती. दर वर्षी काढून कमरेला थोडा उसवायची आणि परत ठेवायची.

"कधी?" झेफने तिला विचारलं.

"झाला त्याला काळ," ती म्हणाली आणि रेनकोट एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

झेफने जनरलकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, लेईकडे पाहिलं. मग कमरेचा पट्टा सोडला. तलवार काढून त्याने रोस्विटाकडे धरली. बोटं मात्र तलवारीच्या मुठीवरून सुटेनात. रोस्विटाने जरा ओढून पाहिली आणि सोडून दिली.

"जमेल ना तुला?" त्याने विचारलं.

"आमच्याकडे आमची तलवार आहे," ती म्हणाली. "ही तुमच्या गावाच्या म्होरक्याला दे. हुकूम परत द्यायला कुणीतरी हवं ना. तू आता राजा."

आणि हेस्टराडेत राजा सोडून मानाचा माणूस म्हणाल तर एकच उरत होता.

मेळाव्याच्या दिवशी ऊन होतं. सर्वात पुढे रोस्विटा. तिच्यामागे तीन गावं, शेजारी शेजारी, कारण मागे कुणीच चालणार नव्हतं. रस्ता तेवढा रुंद नव्हता म्हणून कुऱ्हाडवाले दाढीवाले गटाराच्या कडेने. आमच्या लोकांच्या पुढे लेई, हातात झेफची तलवार. मध्ये झेफ, गळ्यात लेईने आदल्या दिवशी काढून दिलेली चांदी. शेजारी लीस, जांभळी, ताठ, कुणाकडेही न बघता. तिच्या झग्याचा घोळ मी धरला होता. जमिनीवरून उचलायला कुणीतरी लागतंच, आणि टाचण्या कुठे आहेत ते मलाच ठाऊक.

मंचासमोर रोस्विटाने आरोळी ठोकली. लिंडराट हललं. मग पिएर ओरडला, ओटेनबेर्ख हललं. लेई तलवार उचलायला एक क्षण चुकला, आणि तेवढ्यात झेफच्या छातीत हवा भरलेली मी मागून पाहिली. चांदी खणखणली. तो हुकूम देणारच होता. लीसने समोरच बघत त्याच्या दंडाला चिमटा काढला, आणि हवा निघून गेली. मग लेई ओरडला, आम्ही हललो. जनरलने सलाम केला. रोस्विटाला. नंतर त्याने झेफकडे बघून टाळ्या वाजवल्या, मनापासून, आणि झेफने मान लववली. पण डोळे लेईच्या पाठीवर. उभा जन्म जिकडे बघायची सवय, तिकडेच.

परतल्यावर मी कढई तापवली. डावीकडून लेईचा आवाज: "चांदीवर बोटांचे डाग पाडलेत त्याने. बघितलंस का, बेर्टीन?" उजवीकडून झेफचा: "तलवार अशी धरतात का? कालथा धरल्यासारखी धरली होती."

लीस दुकानात आली ती झगा घालूनच. काउंटरशी उभी राहिली, कोपर वर धरून, बाहीला तेल लागू नये म्हणून.

"घरी कुणी बोलत नाही का?" मी विचारलं.

"बोलतो ना. तलवारीबद्दल."

मी तिला फ्रीट दिले, मेयोनेज वेगळ्या वाटीत. ती एकेक बोटांच्या टोकांनी उचलून खात होती. दार वाजलं आणि बेर्टीन आत आली, स्वयंपाकाच्या ॲप्रनमध्ये. लीसकडे तिने पाहिलं, मग बाहीकडे, मग खाली शिवणीकडे. बराच वेळ.

"कापड कुठलं गं?" तिने विचारलं.

"आठवत नाही," लीस म्हणाली आणि मोहरी मागितली.